लावणीचे दिवस आणि शाळेची हजेरी

जूनच्या मध्यास शाळा उघडल्या कीं महिन्याभरांतच आमच्या मुळशी तालुक्यांतले निम्मे वर्ग रिकामे पडतात. भाताचें रोप तीन-चार आठवड्यांचें झालें, ताम्हिणीच्या बाजूनें पावसाची झड लागली, म्हणजे घरोघरीं लावणीची घाई उडते. बाप चिखलणीला, आई रोप उपटायला, आणि आठ-नऊ वर्षांचें पोर बांधावर धाकट्या भावंडास सांभाळीत, रोपाच्या मुठी पोंचवीत. हजेरीपटांत त्याच्या नांवापुढें आम्ही 'गैरहजर' असें लिहितों.

याच पंधरवड्यांत पुण्याहून शाळांच्या गाड्या येतात. शहरांतलीं मुलें रंगीत रेनकोट घालून उतरतात, पैसे मोजून ठरविलेल्या खाचरांत घोट्याएवढ्या चिखलांत उभीं राहतात, चार चूड लावतात, फोटो काढवून घेतात आणि जेवून परत जातात. त्या दिवशीं त्यांची हजेरी लागते. इतकेंच नव्हे, तर 'अनुभवांतून शिक्षण' म्हणून तिची वाखाणणी होते. त्या मुलांवर आमचा रोष नाहीं. भात कोठून येतें हें लेंकरांनीं पाहिलें, चांगलें झालें. पण तोच चिखल एकाच्या पायाला लागला तर विद्या आणि दुसऱ्याच्या पायाला लागला तर गैरहजेरी, हा न्याय कोणता? असला न्याय ज्या शास्त्रांत सांपडतो तें शास्त्र बहुजन समाजास नवें नाहीं.

या मोसमांत मुलें काय शिकत आहेत असें कोणी विचारील तर आम्ही त्यास चारसूत्री लावणीचा धडा दाखवूं. दोरीवर 15 आणि 25 सेंटिमीटरांवर आळीपाळीनें खुणा करावयाच्या, ओळींतही तसेंच अंतर ठेवावयाचें, आणि 15 सेंटिमीटरांच्या चौकोनांत चार चुडांच्या मधोमध खताची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोंचावयाची. म्हणजे 40 सेंटिमीटर बाजूच्या प्रत्येक चौरसांत चार चूड व एक गोळी. तर एका आराला चूड किती आणि गोळ्या किती? चौथीच्या मुलांनीं पाटीवर उत्तर काढलें: 2,500 चूड, 625 गोळ्या. गोळी 2.7 ग्रॅमची धरली तर खत पावणेदोन किलोंच्या आंतच. एका मुलीनें घरीं जाऊन बापास सांगितलें कीं तुम्ही याच्या दुप्पट टाकतां. दुसऱ्या दिवशीं बाप डोक्यावर पोतें घेऊन भिजत शाळेच्या दाराशीं आला आणि हिशेब पुन्हा करून घेऊन गेला.

पावसाचेंही तसेंच. एक चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 25 जुलै 2024 रोजीं ताम्हिणीस एका दिवसांत 500 मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला. एका आरावर तें 50,000 लिटरांहून अधिक झालें. गुणाकार, क्षेत्रफळ, मापें सारीं त्यांत आलीं. पुस्तकांतल्या आगगाडीच्या डब्यांची गणती करण्याची गरज राहिली नाहीं. आगगाडी आमच्या तालुक्यांतल्या कित्येक पोरांनीं पाहिलेलीही नाहीं.

ही आमची कांहीं नवी युक्ति नव्हे. 19 ऑक्टोबर 1882 रोजीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन ठेविलें त्यांत खेड्यांतल्या शाळांस मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचें प्राथमिक ज्ञान द्यावें, शाळेस जोडून लहानसें नमुन्याचें शेत असावें, आणि मास्तर शेतकरी वर्गांतला, नांगर धरूं शकणारा असावा, अशी मागणी होती. 1937 सालीं वर्ध्यास हातकामांतून शिक्षणाची योजना निघाली तेव्हां देशभर कौतुक झालें. जोतीरावांनीं जवळजवळ तीच गोष्ट 55 वर्षें आधीं सांगितली होती, पण सांगणारा माळी पडला! खुद्द त्या कमिशननेंही शिफारस केली होती कीं शेतकरी गांवांत शाळेच्या वेळा व हंगाम जितके सैल ठेवतां येतील तितके ठेवावे. तिला आतां 140 वर्षें उलटून गेलीं.

2025 च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत पहिलीच्या पोरास तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवावी कीं नाहीं यावर सारा महाराष्ट्र भांडला. 16 एप्रिलला हुकूम निघाला, 17 जूनला बदलला, 29 जूनला दोन्ही हुकूम मागें घेऊन नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. भांडण योग्यच होतें. कोवळ्या पोरावर तिसऱ्या भाषेचें ओझें टाकूं नये असेंच आमचेंही मत. पण जून-जुलैंत खेड्यांतलें पोर बाकावर असतें कीं बांधावर, हा प्रश्न त्या अडीच महिन्यांत कोणी विचारल्याचें आमच्या कानीं आलें नाहीं.

कायदा आड येत असता तर गोष्ट निराळी. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या नवव्या कलमानें शाळेचें वार्षिक वेळापत्रक ठरविण्याचें काम स्थानिक संस्थेकडे दिलें आहे. पहिली ते पांचवीस वर्षांत 200 दिवस व 800 तास भरले पाहिजेत, एवढीच अट. ते दिवस कोणते, हें पुण्याच्या जिल्हा परिषदेनें ठरवावें. बारामती-इंदापुराकडचा ऊंस आणि मुळशीचें भात यांस एकच सुटीचा तक्ता कशासाठीं? मे महिन्यांत आमचीं मुलें रिकामीं हिंडतात. त्यांतले दहा-बारा दिवस काढून लावणीस द्यावे, आणि त्या दिवसांत अंगणवाडी दिवसभर उघडी ठेवावी, म्हणजे धाकट्यास सांभाळण्यासाठीं थोरलीचें शिक्षण बुडणार नाहीं.

यावर आमच्याच चळवळींतले कांहीं बंधु म्हणतील, मास्तर, तुम्ही पोरांस पुन्हा नांगराकडे ढकलतां. शंका खरी आहे. 'कुणब्याच्या पोरास शिकून काय करावयाचें' असें म्हणणारे याच मुद्द्याचा आधार घेत आले आहेत. म्हणून स्पष्ट सांगतों: मजुरीवर जाणारें पोर आम्हांस नको, आणि चौथीच्या मुलाला चौथीचें वाचतां आलेंच पाहिजे, तेथें सूट नाहीं. उलट, अक्षर आणि मोजणी शेताशीं जोडावी असें आम्ही म्हणतों तें शेत हातचें जाऊं नये म्हणूनच.

मे 1875 मध्यें याच जिल्ह्यांत सुप्यास उठाव झाला, तेव्हां शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें ओढून काढून जाळलीं. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यांतलें एक अक्षर आपणांस कळत नाहीं, त्याचें दुसरें काय करावें? 16 एप्रिल 1921 रोजीं, रामनवमीस, मुळशीच्या मावळ्यांनीं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला, सेनापति बापटांनीं त्यासाठीं तुरुंग भोगला; पण पुष्कळ जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांच्या पेट्यांत होते आणि त्यांचा डोळा मोबदल्याच्या रकमेवर होता. धरण झालें. तें पाणी आजही सह्याद्रीखालीं भिऱ्यास जाऊन वीज करतें. आतां हिंजवडी-माणकडे व पिरंगुट-भूगांवकडे सौदा गुंठ्यावर होतो, उतारा हेक्टर-आरांत असतो आणि दलाल चौरस फुटांत बोलतो. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, एक एकर म्हणजे 40 गुंठे, हें चौथीच्या पोरास तोंडपाठ असेल तर निदान मापांत तरी त्याचा बाप फसणार नाहीं.

लावणी आटोपली आहे व आमच्या वर्गांत सध्यां सात-बाराचा धडा चालू आहे. गांव नमुना सातवर मालक कोण, बारावर पीक कोणतें, हें मुलें घरून आणलेल्या उताऱ्यांवर बोट ठेवून वाचतात. एका मुलाच्या उताऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यांत कर्जाचा बोजा निघाला. घरीं विचारलें तर आजोबा म्हणाले, तें कर्ज केव्हांच फेडलें, दाखला पेटींत आहे. बोजा कमी करण्यासाठीं तलाठी कचेरीस अर्ज कसा लिहावा, हा आतां सोमवारचा शुद्धलेखनाचा पाठ आहे.