उपस्थात्यालाही विहार हवा

चिकित्सेचे चार पाद आपण विद्यार्थिदशेतच मुखोद्गत करतो : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. पहिल्या दोहोंवर परिसंवाद भरतात, विशेषांक निघतात. रोगी तर समोर बसलेलाच असतो. उपस्थात्याकडे मात्र आपले लक्ष जाते ते पथ्य सांगण्यापुरते. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे चार गुण चरकाचार्यांनी त्याच्या ठायी अपेक्षिले आहेत. हा उपस्थाता आज वऱ्हाडात कोण? पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्या सासऱ्यांची सून, स्मृतिभ्रंश झालेल्या पतीची सत्तरीतली पत्नी, बहुविकलांग मुलाची आई. वेतन नाही, रजा नाही, पाळी बदलायला कोणी नाही.

केंद्र शासनाने २०१९ मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणात, घरच्या माणसांची विनावेतन देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात आणि पुरुष ७६, असे आढळले. या सरासरीत लेकरे सांभाळणेही आले. ज्या घरी रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, त्या घरी हा आकडा सांगण्यात अर्थ नाही.

चरकाने सांगितलेल्या तेरा अधारणीय वेगांत क्षुधा, तृष्णा, निद्रा आणि बाष्प यांचाही समावेश आहे. परिचर्या करणाऱ्या स्त्रीचा दिवस या चारही वेगांच्या धारणात जातो. रुग्णाला भरवून होईपर्यंत भूक मरते, रात्रीची झोप तुटक मिळते, आणि अश्रू तर घरात कोणासमोर गाळायचे नसतातच. मग ती अम्लपित्त, शिरःशूल, कटिशूल घेऊन आपल्याकडे येते. आपण अविपत्तिकर चूर्ण लिहून देतो. ते अयोग्य नव्हे. परंतु निदानपरिवर्जनाचे काय? चरकाच्या उपकल्पनीय अध्यायात रुग्णाजवळ गीत, वाद्य, कथा जाणणारी माणसे असावीत असे सांगितले आहे. रुग्णाच्या मनाची एवढी काळजी वाहणाऱ्या शास्त्राचे अनुयायी आपण उपस्थात्याच्या मनाचा विचार पुढे न्यावा, यात शास्त्रबाह्य असे काही आम्हांस दिसत नाही.

आमची सूचना साधी आहे. महिन्यातून एकदा, गावातल्या गावात, विनामूल्य अशी सकाळची दोन-तीन तासांची सहल परिचारकांसाठी असावी. चिखलदऱ्यास जाण्याचे कारण नाही. दूरची सहल आखली की ज्यांच्यासाठी ती आखली तेच गळतात. अमरावतीस वडाळी व छत्री तलावांचा परिसर आहे. अकोल्यास कृषी विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे. अनुमती मागितल्यास ती मिळावी. मोर्णेच्या स्वच्छतेसाठी २०१८ च्या जानेवारीत अकोलेकर हजारोंनी नदीपात्रात उतरले होते, तेव्हा लोकांना हाक मारली तर लोक येतात हे आपण पाहिलेले आहे.

जागा आणि पैसा ही खरी अडचण नव्हेच. तिकीट नसले तरी घरी रुग्णाजवळ बसायला कोणी नसेल, तर ती सहल त्या माउलीस विनामूल्य ठरत नाही. म्हणून आधी बदली माणूस, मग सहल. केरळात उपशामक शुश्रूषेचे कार्य शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी उभे केले. राज्याचे त्याविषयीचे धोरण २००८ मध्ये आले, ते त्यानंतर. आपल्याकडे आयुर्वेद महाविद्यालयांतील आंतरवासीय विद्यार्थी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, गुरुदेव सेवा मंडळाचे कार्यकर्ते आहेत. या मंडळींना आपण एक दिवस बसवून उचलणे, वळवणे, भरवणे शिकवावे. सहलीच्या दिवशी त्यांनी घरी थांबावे आणि जवळच्या वैद्याने दूरध्वनीवर उपलब्ध राहावे.

काहींना रुग्णाला घरी ठेवून निघणे मानवत नाही. त्यांच्यासाठी रुग्णासह सहल हवी, आणि तेथे प्रवेशद्वारातील आडवे दांडे, पायऱ्या, खडीची वाट, अरुंद स्वच्छतागृह हे सारे आडवे येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने परिचारकाच्या व्याख्येत विनामोबदला सेवा करणारे आई-वडील व कुटुंबीय घेतलेले आहेत. महानगरपालिकांकडे उतरंड आणि बाके मागताना या कायद्याचा आधार घ्यावा. तूर्त ज्या उद्यानात चाकांची खुर्ची विनासायास जाते, तेच निवडावे.

काळ आपला आपल्यालाच ठरवावा लागेल. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सहल नको. कार्तिक ते माघ उत्तम. कार्तिकातले आवळीभोजन तर आपल्या घरांत पूर्वापार चालत आलेले; झाडाखाली बसून, कोणीतरी वाढलेले जेवण जेवणे. रोज दुसऱ्याला भरवणाऱ्या हातांसमोर त्या दिवशी वाढलेले ताट यावे. (तेथे औषधकंपन्यांचे फलक, नमुन्यांचे वाटप आणि आपली भाषणे कृपया नसावीत. पथ्यावरील व्याख्यान त्यांनी पुरेसे ऐकले आहे.)

तेव्हा येत्या कार्तिकात अमरावती व अकोला येथे प्रत्येकी एक आवळीभोजन व्हावे, असा प्रस्ताव आम्ही व्यवसायबंधू-भगिनींसमोर ठेवीत आहोत. प्रत्येक वैद्याने आपल्या रुग्णांमधील दोन घरे सुचवावीत आणि त्या घरी बसू शकेल अशी एक व्यक्ती. तोवर आपापल्या रुग्णपत्रकात रोग्याच्या नावाखाली एक ओळ वाढवून घ्यावी : उपस्थात्याचे नाव, वय, आणि काल रात्री किती तास झोप झाली.