सेवा, यात्रा आणि प्रचार: तीन वेगळी खाती



आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा जरा वेगळा आहे. पण आपल्यापैकी बऱ्याच जणींची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत, तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही घरी येईल. तिकडच्या चर्चमधून सुट्टीत तरुण मुलामुलींचे गट गरीब देशांत जातात. आठ-दहा दिवस राहायचं, घर बांधायला किंवा शाळा रंगवायला हातभार लावायचा, तिथल्या लहान मुलांना खेळ, गाणी आणि बायबलमधल्या गोष्टी शिकवायच्या आणि परत यायचं. याला ते 'मिशन ट्रिप' म्हणतात.

माझी नात अकरावीत आहे. तिच्या जिवलग मैत्रिणीच्या चर्चचा गट होंडुरासला जाणार आहे आणि मैत्रिणीने हिलाही बोलावलं आहे. तुझा धर्म कोणताही असो, चालेल, असं तिला सांगितलं गेलं. सूनबाईंना धास्ती, की पोरीला ख्रिश्चन करतील. मुलाचं म्हणणं, कॉलेजच्या अर्जात समाजसेवा लिहिता येईल, जाऊ दे. आणि नात मला विचारते, "आजी, तुला काय वाटतं?"

धर्म बदलेल ही भीती मला नाही. जी मुलगी णमोकार म्हटल्याशिवाय झोपत नाही, ती आठ दिवसांत बदलणार असेल तर कारण आपल्या घरात शोधावं लागेल, होंडुरासमध्ये नाही. मला खटकतो तो हिशेब. मी बी.कॉम. झालेली बाई. नोकरी केली नाही, पण घराची वही चाळीस वर्षं लिहिते आहे. वहीचा पहिला नियम हा की ज्या खात्याचा खर्च, तो त्याच खात्यात लिहायचा. या सहलींत दान, यात्रा आणि प्रचार ही तीन खाती एकात मिसळलेली आहेत, आणि नावे टाकलं जातं ते गरिबाच्या.

आधी दानाचं खातं बघू. रॉबर्ट वुथनाऊ नावाचे समाजशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी २००५ च्या पाहणीवरून अंदाज काढला होता, की अमेरिकेतले सुमारे १६ लाख चर्चसदस्य एका वर्षात अशा छोट्या सहलींवर परदेशी जातात. आकडा लहान नाही. पैसा जमवायची पद्धतही ठरलेली असते. नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना पत्रं लिहायची, केक करून विकायचे, गाड्या धुऊन द्यायच्या. देणारा माणूस समजतो, की मी गरिबाला घर देतोय. त्या पैशातून सगळ्यात आधी निघतं ते विमानाचं तिकीट.

होंडुरासचंच उदाहरण आहे, म्हणून नातीला तेच सांगितलं. ऑक्टोबर १९९८ मध्ये तिथे 'मिच' नावाचं चक्रीवादळ आलं. हजारो माणसं गेली, असंख्य घरं वाहून गेली. मग उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट घरं बांधायला आले. कर्ट व्हेर बीक नावाचे एक प्राध्यापक, स्वतः ख्रिश्चन आणि होंडुरासमध्येच अनेक वर्षं राहिलेले, यांनी पुढे या घरांचा अभ्यास करून २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रवासखर्च धरून एका गटाला एक घर साधारण ३०,००० डॉलरला पडलं होतं. तसंच घर तिथली स्थानिक संस्था साधारण २,००० डॉलरमध्ये बांधत होती. म्हणजे एका घराच्या पैशात १५ घरं. घर कोणी बांधलं, यावरून त्या कुटुंबांच्या पुढच्या आयुष्यात काही फरक पडला का, हेही त्यांनी पाहिलं. फरक दिसला नाही. भिंत भिंतच असते.

होंडुरासमध्ये काय गवंडी नाहीत? वादळानंतर तर त्यांनाच कामाची गरज. सोळा वर्षांची, आयुष्यात कधी थापी हातात न घेतलेली मुलगी तिथे जाऊन विटा रचणार, आणि ज्याचे हात त्या कामाला सरावलेले आहेत तो बाजूला उभा राहून बघणार. हे दान कसं म्हणायचं?

यावर चर्चवाले म्हणतात, मुलं बदलून येतात, आयुष्यभर दानशूर होतात. व्हेर बीक यांनी तेही तपासलं. आपलं दान वाढलं, असं सहलीहून आलेले पुष्कळ जण सांगत होते. संस्थेच्या वहीत मात्र तसा फरक फारसा दिसला नाही. वही खोटं बोलत नाही, मैत्रिणींनो.

इथे नातीने मला बरोबर पकडलं. म्हणाली, "आजी, तूही शिखरजीला जाऊन आलीस ना? तुझ्या तिकिटाच्या पैशातही कुणाचं तरी घर झालं असतं."

प्रश्न चोख आहे. आपण सम्मेद शिखरजीला जातो, २७ किलोमीटरची वंदना करतो, गुडघे दुखत असले तर डोलीत बसतो. वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले ती भूमी पाहायला जातो. पण आपण परत येऊन असं सांगत नाही, की झारखंडच्या गरिबांसाठी मी डोंगर चढले. यात्रा माझ्या आत्म्यासाठी होती, खर्च माझा होता आणि वहीत तो 'यात्रा' म्हणूनच लिहिला. डोलीवाल्याला दिले ती त्याच्या खांद्याची मजुरी, माझं दान नव्हे. तसंच त्या मुलांनी म्हणावं ना, आम्ही जग बघायला जातोय, गरिबी कशी असते ते शिकायला जातोय, त्याने आमचं मन मोठं होईल. माझी काही हरकत नाही, तोही चांगला खर्च आहे. फक्त तो स्वतःच्या खिशातून करा, आणि आपल्या शिक्षणाचा खर्च होंडुरासच्या विधवेच्या नावावर मांडू नका.

आता तिसरं खातं, प्रचाराचं. सूनबाईंना ज्याची धास्ती वाटते त्याचीच मलाही काळजी आहे, पण नातीसाठी नाही, तिथल्या माणसांसाठी. आपला धर्म दुसऱ्याला सांगणं यात वाईट काही नाही. आपले मुनिमहाराजही प्रवचन देतात, ज्याला ऐकायचं तो येऊन बसतो. पण एका हाताने औषध आणि दुसऱ्या हाताने पुस्तक पुढे केलं, की समोरच्याची अडचण होते. ज्याचं लेकरू तापाने फणफणलंय, ती आई प्रार्थनेला डोळे मिटून बसेल, हात वर करायला सांगितलं तर हातही वर करेल. त्या होकाराला काय अर्थ आहे? तिला 'नाही' म्हणायची सोयच नव्हती. आणि आठ दिवसांचे पाहुणे, त्यांना तिची भाषाही येत नाही, दुभाष्या सांगेल ते खरं. परत जाऊन ते चर्चला सांगणार, की इतक्या जणांनी प्रभूला स्वीकारलं. ती बाई पुढच्या महिन्यात कशी आहे, हे विचारायला त्यांच्यातलं तिथे कोणी नसतं. आपल्या देशात तर परदेशी माणसाला पर्यटक म्हणून येऊन धर्मप्रचार करता येत नाही, मिशनऱ्यांसाठी व्हिसाच वेगळा आहे. सरकारलासुद्धा ही दोन खाती वेगळी ठेवावीशी वाटली.

आपल्या शास्त्रात दानाचा विचार किती बारकाईने केला आहे! तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितलं आहे, की विधी, द्रव्य, देणारा आणि घेणारा यांच्यावरून दानाची प्रत ठरते. पात्रदान वेगळं आणि करुणादान वेगळं. मुनींना आहार देताना आपण पात्र पाहतो. पण दुःखी जीवाला देताना, म्हणजे करुणादानात, तो कोण, कोणत्या धर्माचा, उद्या आपला होईल का, हे पाहायचंच नसतं. आणि पुण्यकर्म करून मनात फळाची इच्छा धरणं याला 'निदान' म्हणतात, ते तीन शल्यांपैकी एक. काटा पायात राहिला तर माणूस कितीही चालला तरी लंगडतोच. सेवेच्या बदल्यात समोरच्याचा आत्मा आपल्या पारड्यात पडावा अशी इच्छा धरली, तर तो काटाच.

आणि नुसत्या चांगल्या हेतूवर घाईने काम केलं की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. जानेवारी २०१० मध्ये हैतीत मोठा भूकंप झाला. त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेतल्या बाप्टिस्ट चर्चच्या दहा जणांना ३३ मुलं सरहद्दीपलीकडे नेताना अटक झाली. त्यांच्या मते ते अनाथांना वाचवत होते. पुढे कळलं, की त्यातल्या बहुतेक मुलांचे आई-वडील, निदान एक तरी, जिवंत होते. शिक्षण मिळेल, चांगलं आयुष्य मिळेल, या आशेने त्यांनी मुलं हवाली केली होती. त्या आयांची कल्पना करा. कागद नाहीत, भाषा येत नाही, इथला कायदा ठाऊक नाही, पण हेतू चांगला! चांगल्या हेतूला माहितीची जोड नसली की तो दुसऱ्याच्या घरात आग लावतो.

हे वाचून कोणी म्हणेल, जैन बाई ख्रिश्चनांवर टीका करते आहे. तसं नाही. या सहलींवर सगळ्यात कडक टीका ख्रिश्चनांनीच केली आहे. 'व्हेन हेल्पिंग हर्ट्स' हे २००९ चं पुस्तक दोन ख्रिश्चन लेखकांनीच लिहिलं आहे. आणि सांगली-कोल्हापूरकडच्या आपल्या लोकांना तर मिरजेचं उदाहरण सांगायलाच नको. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये इकडे आले, १८९४ मध्ये मिरजेत मिशनचा दवाखाना सुरू झाला, आणि ते जवळजवळ चाळीस वर्षं राहिले. तेही मिशनरीच होते, धर्मप्रचार करायचा हे त्यांनी लपवलं नाही. पण ते लोकांमध्ये राहिले, इथल्या लोकांना डॉक्टरकी शिकवली. लोकांनी त्यांना चाळीस वर्षं पारखलं. आमच्या सासूबाई सांगत, अडलेली बाळंतीण असो की मोतीबिंदू, "मिशनात न्या" हेच पहिलं वाक्य. तिथे गेलेल्या आपल्या घरांतल्या बायका दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा देवदर्शनालाच जात होत्या. राहणाऱ्या माणसाला जाब विचारता येतो. आठ दिवसांच्या पाहुण्याला कोण विचारणार?

मग छोटी सहल कधीच कामाची नाही का? तसंही नाही. 'जयपूर फूट' बसवणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ मध्ये सुरू झाली. तिची माणसं अनेक देशांत शिबिरं घेतात, काही दिवसांत परतही येतात. पण ते कसबी कारागीर असतात. ते गेल्यावर मागे माणसाचा पाय उरतो, तो त्या पायावर उभा राहून कामाला जातो. नाव महावीरांचं, पण तू महावीरांना मानतोस का, असं कोणी विचारत नाही. म्हणजे दिवस किती, हा खरा प्रश्न नाही. तुझ्या हातात तिथे नसलेलं कसब आहे का, आणि निघताना मागे काय राहतं, हे प्रश्न आहेत.

नातीला मी एवढंच सांगितलं. बांधकामासाठी जाऊ नकोस, त्याला गवंडी आहेत. तुझ्या वाट्याच्या खर्चाइतके पैसे तिथल्या स्थानिक संस्थेला पाठव, त्यातला अर्धा वाटा माझा. आणि देश बघायचाच असेल तर स्पॅनिश शीक, मोठी झालीस की स्वतःच्या कमाईने जा, चार महिने राहा. आपले साधूसुद्धा चातुर्मासात चार महिने एका गावी राहतात, तेव्हा कुठे गाव आणि साधू एकमेकांना ओळखतात. तिने अजून ठरवलेलं नाही. मैत्रिणीला काय सांगायचं, हा तिचा मोठा प्रश्न आहे, आणि सोळाव्या वर्षी तो खरंच मोठा असतो. निर्णय तिचा तिने घ्यावा.

आता आपल्याकडे वळू, कारण हाच हिशेब आपल्या महिला मंडळांनाही लागू आहे. महावीर जयंतीला आपण सरकारी दवाखान्यात फळं वाटायला जातो. गाडीभाडं, फ्लेक्स, हार, फोटोग्राफर, आपला चहा-नाश्ता, आणि रुग्णाच्या हातात दोन केळी, ती धरून सहा जणींबरोबर फोटो. घोंगडीवर देणाऱ्याचं नाव छापलेलं. वर्षाच्या अहवालात हा सगळा खर्च 'सेवाकार्य' या एकाच ओळीत येतो.

माझी एक साधी सूचना आहे. येत्या वर्षापासून मंडळाच्या वहीत तीन रकाने पाडा. गाडी, नाश्ता आणि आपला आनंद तो 'आपला खर्च'. फ्लेक्स, फोटो, छापील नावं तो 'प्रचार'. आणि केळी, औषधं, घोंगड्या, फी, जे खरोखर समोरच्याच्या हातात पडलं ते 'दान'. वार्षिक सभेत तिन्ही बेरजा मोठ्याने वाचा. कोणाला बोल लावायची गरज नाही, आकडेच बोलतील. पहिले दोन रकाने तिसऱ्यापेक्षा मोठे निघाले, तर काय करायचं ते आपल्या बायकांना सांगावं लागत नाही. आपण सगळ्या घर चालवलेल्या आहोत.

तुमच्या मंडळाची बेरीज काय येते ते जरूर कळवा.

जय जिनेंद्र.