नवख्याची हुर्यो

६ जानेवारी २०१९ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोरच्या क्रीडांगणावर एका एकवीस वर्षांच्या खेळाडूची त्याच्याच शहराने हुर्यो उडवली. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा चढाईचा सूत्रधार असतो. बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा सूत्रधार लमार जॅक्सन हा व्यावसायिक खेळात त्याच हंगामात दाखल झाला होता, आणि बाद फेरीतील सामना सुरू करणारा तोवरचा सर्वांत लहान वयाचा क्वार्टरबॅक होता. चौथ्या सत्रात लॉस एंजेलिस चार्जर्सची आघाडी २३-३ अशी झाली, तेव्हा बाजूला बसलेल्या जो फ्लॅकोला मैदानात आणा, असा गलका उठला. शेवटच्या सात साखळी सामन्यांपैकी सहा जिंकून देणारा जॅक्सन क्षणात सर्वांच्या थट्टेचा विषय झाला.

खेळ वाईट झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच्या २९ फेकींपैकी १४ सहकाऱ्यांपर्यंत पोचल्या, एक प्रतिपक्षाने पकडली आणि सात वेळा तो चेंडूसह मागच्या मागे पाडला गेला. उशिरा दोन टचडाउन करून त्याने अंतर २३-१७ पर्यंत आणले. परंतु अखेरच्या प्रयत्नात चेंडू त्याच्या हातून हिसकावला गेला. टीकेला येथे पुरेसा आधार आहे. मात्र टीका काय चुकले ते शोधते. टवाळीला कोणाला झोडपावे एवढेच हवे असते.

वस्तुतः काय चुकले? दोनच आठवड्यांपूर्वी रेव्हन्सनी याच चार्जर्सना २२-१० असे हरवले होते. त्या पराभवाचा अभ्यास करून चार्जर्सनी बचावात मागच्या फळीतले सात चपळ खेळाडू उतरवले आणि जॅक्सनच्या धावण्याच्या वाटा अडवल्या. त्यावर तोड काढणे हे प्रशिक्षकांचे काम होते आणि त्याच्यापुढे भिंत धरणे हे पुढच्या फळीचे. सूत्रधार सात वेळा पाडला जातो, तेव्हा त्यात भिंतीचाही वाटा असतो. प्रेक्षकांनी मात्र एकालाच आरोपी ठरवले.

या न्यायामागचा अर्थव्यवहारही पाहण्यासारखा आहे. २०११ च्या सामूहिक करारानुसार नव्याने निवडलेला खेळाडू चार वर्षे ठरावीक मोबदल्याला बांधला जातो. पहिली तीन वर्षे त्याला फेरवाटाघाटी करता येत नाहीत. जॅक्सनचा चार वर्षांचा करार सुमारे ९५ लाख डॉलरचा होता. फ्लॅकोशी याच संघाने २०१३ साली सहा वर्षांसाठी १२ कोटी ६ लाख डॉलरचा करार केला होता. संघाच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा असल्याने नवखा क्वार्टरबॅक ही मालकाची फार किफायतशीर खरेदी ठरते. ९५ लाख डॉलर मिळवणाऱ्याला कोणी दीन समजू नये, हे खरे. पण स्वस्ताईचा लाभ संघ घेतो आणि अननुभवाची किंमत भर मैदानात त्या तरुणाकडून वसूल होते, हा व्यवहार एकतर्फीच म्हटला पाहिजे.

त्यात वर्णाचाही प्रश्न मिसळला आहे. २०१८ च्या निवडीपूर्वी बिल पोलियन या नामांकित माजी संघव्यवस्थापकांनी जॅक्सनने क्वार्टरबॅकची जागा सोडून चेंडू झेलणारा व्हावे, असे सुचवले होते. कृष्णवर्णीय खेळाडूंना हा सल्ला नवा नाही. १९६८ साली डेन्व्हरमध्ये क्वार्टरबॅक म्हणून चमकलेले मार्लिन ब्रिस्को पुढच्याच वर्षी बफेलोत झेलणाऱ्याच्या जागी खेळले. तेव्हा जॅक्सनची एक वाईट दुपार अनेकांना आपल्या जुन्या पूर्वग्रहाची पावती वाटली असल्यास नवल नाही.

२०१९ च्या हंगामात जॅक्सन सर्वच्या सर्व ५० मते मिळवून सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्याचे चाहते टवाळखोरांच्या तोंडावर हाच दाखला फेकतात. परंतु हे उत्तर अपुरे आहे. त्याच हंगामाच्या बाद फेरीत, जानेवारी २०२० मध्ये, रेव्हन्स पहिलाच सामना टेनेसीकडून २८-१२ असा हरले. मग आधीची हुर्यो न्याय्य ठरली काय? माणसाची प्रतिष्ठा पुढच्या सामन्याच्या निकालाकडे गहाण ठेवता येत नाही. जॅक्सन पुन्हा कधीच जिंकला नसता, तरी त्या दुपारी सबंध संघाचा पराभव त्याच्या एकट्याच्या माथी मारणे अन्यायाचेच ठरले असते.