रोजची तालीम

दिवाळीच्या आगेमागे मावळात भातकापणीची लगबग असते. खाचरांतून कापलेल्या भाताचा ओलसर वास दरवळतो, पवनेच्या आणि इंद्रायणीच्या काठची खळी सारवून तयार होतात, आणि याच सुगीत, ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिन आपल्या दारी येऊन उभा राहतो. आपण नटराजाला हार घालतो, नारळ वाढवतो, जुन्या नटांच्या आठवणी काढतो. दिवस मावळतो, हार सुकतो, आणि वर्षभराचे देणे फेडल्याच्या समाधानात आपण पुन्हा कामाला लागतो.

१८४३ साली सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवले, त्याची ही स्मृती. त्या खेळांत पदे सूत्रधार गाई. नटांनी मात्र आपापली भाषणे प्रसंग ओळखून, समोरच्याचा नूर पाहून, आयत्या वेळी करायची असत. समोरच्याचे नीट ऐकल्याशिवाय तिथे कुणाला बोलताच आले नसते. मराठी नाटकाच्या पाळण्यातच ऐकण्याचा हा संस्कार आहे, आणि आज आपल्या माध्यमिक शाळांकडे पाहताना नेमकी त्याचीच आठवण होते.

आपल्या मावळाला तर सादरीकरणाचे वेड भाव्यांच्याही कितीतरी आधीपासूनचे. मळवली स्टेशनावर उतरून भाजे लेणी चढून गेले, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या विहाराच्या भिंतीवर एक स्त्री तबल्यासारखे वाद्य वाजवताना आणि दुसरी नाचताना दिसते. वाजवणारीचा हात आणि नाचणारीचे पाऊल एकमेकींकडे कान देऊन आहेत, असे आजही वाटते. त्याच डोंगराच्या पायथ्याच्या गावांत आज भजन आहे, भारूड आहे, जत्रेतला वग आहे. लोणावळ्याच्या आणि तळेगावच्या वर्गांत बसणारी मुले हे सारे घरून घेऊनच येतात. फाटकाच्या आत पाऊल टाकताना मात्र ते दप्तराच्या तळाशी दडपून ठेवतात.

मग हिवाळ्यात स्नेहसंमेलन जवळ येते आणि शाळा खडबडून जागी होते. आठ दिवस पाठांतर, दोन दिवस भाड्याचे पोशाख, एक संध्याकाळ टाळ्या. ज्याचा आवाज मुळातच खणखणीत, तो शिवाजी महाराज होतो. जो बुजरा, तो पडदा ओढतो किंवा झाड होऊन उभा राहतो. ज्याला नाटकाची खरी गरज, त्याच्या वाट्याला नाटक येतच नाही. एरवी कलेचा तास वेळापत्रकात असतो खरा, पण दहावीच्या वर्षी गणित त्याला केव्हा गिळते, ते कुणाला कळतही नाही.

आपल्या भाषेने कुस्तीच्या आणि नाटकाच्या सरावाला एकच शब्द दिला आहे : तालीम. गावची जत्रा आठ दिवसांवर आली म्हणून कुणी पोराला लाल मातीत पहिल्यांदा उतरवत नाही. तो वर्षभर जोर-बैठका काढतो, पडायला शिकतो, तेव्हा कुठे आखाड्यात उभा राहतो. शब्दाची तालीमही तशीच रोजची. चारचौघांत उभे राहणे, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणे, सोबत्याचे वाक्य पुरते होऊ देणे आणि त्याच्या जागी आपण असतो तर, हे घडीभर जगून पाहणे, या गोष्टी एका संध्याकाळीत येत नाहीत.

त्यासाठी प्रकाशयोजना नको, की पोशाख नकोत. मराठीत नाट्यछटा रुजवणारे दिवाकर, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे, पुण्यातले शाळामास्तरच होते. त्यांच्या नाट्यछटेत एकच माणूस बोलतो, पण न दिसणाऱ्या दुसऱ्याचे बोलणे आपल्याला ऐकू येते. वर्गाच्या फळ्यापुढची चार हात जागा तिला पुरते. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका असताना त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी नाटक लिहून द्या, अशी गळ थेट विजय तेंडुलकरांना घातली होती. शिक्षकाने मनावर घेतले, की वाट निघते. तळेगावात कलापिनीसारखी संस्था मुलांना रंगमंचाची गोडी लावत आली आहे. २०२३ च्या राष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम आराखड्यानेही चित्र, संगीत, नृत्याच्या पंगतीत नाट्याला पान वाढले आहे. आता त्या पानावर वाढायचे काम आपले आहे.

आठवड्यातला एक तास तालमीचा असावा आणि तो कुणाला उसना देऊ नये, एवढे आपण पालक म्हणून मागू शकतो, शिक्षक म्हणून पाळू शकतो. त्या तासात पवन मावळातल्या मुलीने आपल्या घरच्या बोलीत बोलावे, कातकरी वस्तीवरच्या मुलाने आपल्या आजीची गोष्ट उभी करावी, आणि बाकीच्या वर्गाने ती कान देऊन ऐकावी.

सुगीत धान्य घरात येते, तेव्हा जाणता शेतकरी विकायचे किती, खायचे किती, हे ठरवण्याआधी पुढच्या सालचे बियाणे वेगळे काढून ठेवतो. कितीही ओढ असली तरी त्याला हात लावत नाही. वेळापत्रकातला तो एक तास आपण तसाच बाजूला काढून ठेवू या.