मुलाचा संगणक आणि बापाचा खिसा

उसाचे बिल खात्यात जमा झाले की घरोघर मागण्यांना तोंड फुटते. पूर्वी सायकल मागितली जाई, पुढे मोटारसायकल, मग मोबाईल. अलीकडे सदलगा, बोरगाव, निपाणी या बाजूच्या घरांतून एक नवीच मागणी आमच्या कानी येऊ लागली आहे. मुलगा कॉलेजात शिकतो. त्याला मोठे खेळ चालतील असा ताकदीचा संगणक हवा आहे. तयार घेतल्यास फार पैसे पडतात, म्हणून सुटे भाग आणून आपण तो घरीच जोडू, असे त्याचे म्हणणे. वडिलांना शंका येते की, सुटे भाग जोडून केलेली वस्तू धड चालेल काय? आईची शंका निराळी असते: खेळण्यासाठी एवढा खर्च कशाला?

आईच्या शंकेचे उत्तर ज्या त्या घराने द्यावयाचे आहे. आम्ही त्यात पडत नाही. एवढेच सांगतो की, पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ निराळे आणि हे निराळे. पैशांच्या खेळांवर संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी घातली. आम्ही ज्यांविषयी लिहीत आहोत ते खेळ विकत किंवा फुकट घेऊन संगणकात भरावयाचे असतात, आणि ते तयार करणे हा आज एक मोठा धंदा झाला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2020 साली काढलेला 'राजी' हा खेळ परदेशांतही खेळला गेला. शिवाय जो संगणक असे खेळ पेलतो, तो चित्रफितींची जुळणी, इमारतींचे नकाशे, हिशेब आणि अभ्यास ही सर्व कामे सहज करतो.

वडिलांच्या शंकेला मात्र आम्ही उत्तर देऊ शकतो. भारताला अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली 'परम 8000' उभा केला. तो कसा केला? बाजारात विकत मिळणारे लहान लहान प्रोसेसर एकत्र जोडून आणि त्या सर्वांना एका कामाला जुंपून. जुळणी ही कमी प्रतीची गोष्ट नव्हे. दुकानात जो तयार संगणक मिळतो तोही कोणीतरी जोडलेलाच असतो. फरक इतकाच की, आत कोणता भाग हलका घातला आहे हे आपल्याला कळत नाही. घरी जोडताना ते कळते. परंतु त्याचमुळे निवडीची जबाबदारीही आपल्यावर येते, आणि तेथेच बहुतेक पैसा वाया जातो.

निवडीची सुरुवात पडद्यापासून करावी. संगणकाचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. साध्या फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे सुमारे पावणेएकवीस लाख ठिपके असतात. फोर-के पडद्यावर त्याच्या बरोबर चौपट, म्हणजे सुमारे 83 लाख. खेळ चालू असता हे सारे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने काढावे लागतात, आणि ते काम ग्राफिक्स कार्ड करते. पडदा मोठ्या दर्जाचा घेतला की कार्डही भारी घ्यावे लागते. कार्ड भारी घेतले की त्याला वीज पुरविणारा भागही मोठा लागतो. ज्याला काटकसर करावयाची आहे त्याने फुल एचडीवर थांबावे. तेथे थांबले की पुढची सारी यादी आपोआप स्वस्त होते.

आता खर्चाची वाटणी पाहू. गावात प्रोसेसरची नावे सर्वांना पाठ असतात. आय सेव्हन, आय नाइन म्हटले की ऐकणाऱ्यावर छाप पडते. पण खेळाची गती बहुतांशी कार्डावर अवलंबून असते. घरात पन्नास हजार ठरले असतील तर त्यातील तिसरा हिस्सा, फार तर चाळीस टक्के, कार्डासाठी ठेवावा आणि प्रोसेसर मध्यम घ्यावा. 2022 साली आलेला चार गाभ्यांचा इंटेल आय थ्री 12100एफ किंवा एएमडीचा सहा गाभ्यांचा रायझन 5 5600 हे फुल एचडीच्या खेळांना पुरतात. त्यांच्या जोडीला 2021 साली निघालेले रेडिऑन आरएक्स 6600 हे 8 जीबीचे कार्ड रास्त भावात मिळाले तर जोडी चांगली जमते. खिसा थोडा जड असेल तर 2024 च्या अखेरीस आलेले इंटेलचे 12 जीबीचे आर्क बी580 पाहावे. 4 जीबीची कार्डे स्वस्त मिळतात, पण नव्या खेळांना ती अपुरी पडू लागली आहेत. आणि जीटी 710, जीटी 730 अशा नावांच्या कार्डांना हातही लावू नये. त्यांच्या खोक्यावर रंगीत योद्धे असतात. आत खेळाचे बळ काहीच नसते.

ज्या घरात एका दमात एवढा पैसा काढणे शक्य नाही, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे, आणि आमच्या मते खेड्यातील कुटुंबाला तोच अधिक सोयीचा. रायझन 5 5600जी या प्रोसेसरमध्ये चित्र काढणारा भाग आतच बसविलेला आहे. त्यावर वेगळ्या कार्डाशिवायही व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांसारखे हलके खेळ चालतात. आधी एवढाच संगणक उभा करावा आणि पुढच्या हंगामाच्या बिलातून कार्ड आणावे. पुढे कार्ड लावल्यावर हा प्रोसेसर साध्या 5600 पेक्षा थोडा मागे पडतो. परंतु वर्षभराची सवड मिळते, आणि पोराची हौस टिकते की ओसरते तेही कळून येते. मात्र आतला भाग रॅम वाटून वापरतो, तेव्हा 16 जीबीची एक पट्टी न घेता 8 जीबीच्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्यांनी रॅमची वाट दुप्पट रुंद होते आणि खेळाची गती चांगलीच वाढते.

रॅमवरून आठवले. 2025 च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी बड्या कंपन्यांनी रॅमची प्रचंड मागणी केली आणि जगभर भाव भडकले. त्यामुळे जुनी यादी समोर ठेवून बाजारात जाणाऱ्या मुलाचे डोळे पांढरे होतात. अशा वेळी 16 जीबीवर समाधान मानावे, मदरबोर्ड चार खाचांचा मिळत असल्यास तो घ्यावा, म्हणजे पुढे भर घालता येते. रॅम ओळखीच्या माणसाकडून जुनी घेतली तरी हरकत नाही. तिच्यात फिरणारे, झिजणारे असे काही नसते.

जुन्या कार्डाची गोष्ट तशी नाही. 2022 च्या सप्टेंबरपर्यंत इथेरियम नावाचे आभासी चलन मिळविण्यासाठी अशी कार्डे रात्रंदिवस जुंपली जात. ती पद्धत बंद झाल्यावर त्यांतली पुष्कळशी कार्डे जुन्या बाजारात आली. सगळीच वाईट असतात असे नव्हे, पण बैल घेताना तो चालवून पाहतो तसे कार्डही विकणाऱ्याच्या घरी अर्धा तास खेळ लावून पाहावे. पंख्याचा खरखराट, पडद्यावर उमटणारे चुकार ठिपके, मध्येच बंद पडणे, यांपैकी काही दिसल्यास नमस्कार करून परतावे.

कचेरीतून निघालेले जुने संगणकही शहरात दहा-बारा वर्षांचे होऊन विक्रीला येतात. किंमत पाहून मोह होतो. परंतु विंडोज 10 ची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, आणि विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर स्वीकारीत नाही. शिवाय त्यांतील पुष्कळांची पेटी इतकी बारीक असते की कार्ड आत मावत नाही. मुलीच्या टंकलेखनाला असा संगणक ठीक, खेळासाठी नव्हे.

आता ज्या भागाविषयी कोणी विचारीत नाही आणि ज्याच्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळतो. तो म्हणजे एसएमपीएस, विजेचा भाग. सर्व पैसे कार्डावर संपतात आणि कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला एसएमपीएस लावला जातो. त्यावर '450' असा आकडा ठळक असतो. वाचकहो, तो आकडा वाचू नका. बाजूच्या चिठ्ठीवर 12 व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि त्याला बाराने गुणा. 36 अँपिअर असतील तर 432 वॉट. वस्तू बहुधा खरी. 18 च असतील तर 216. मग बाकीचे वॉट नुसते कागदावर आहेत. आम्ही वर सांगितलेले कार्ड एकटेच 132 वॉटपर्यंत खाते, प्रोसेसर भरात असता 90 च्या आसपास, शिवाय पंखे आणि इतर भाग. म्हणजे एकूण सुमारे पावणेतीनशे वॉटचा भार. नामांकित कंपनीचा खरा 450 ते 500 वॉटचा एसएमपीएस त्याला पुरतो. '80 प्लस' हे चिन्ह पाहावे, पण त्याचा अर्थ वीज कमी वाया जाते एवढाच आहे. तेवढ्याने वस्तू सुरक्षित ठरत नाही. हलका एसएमपीएस जळतो तेव्हा एकटा जळत नाही. मदरबोर्ड आणि कार्ड बरोबर घेऊन जातो. येथे दीड-दोन हजार वाचविणारा माणूस पंचवीस हजार पणाला लावतो.

आपल्याकडील विजेचे हाल सांगावयास नकोत. चांगला एसएमपीएस कमी-अधिक दाब बराच सोसतो. त्याला स्टॅबिलायझरची गरज सहसा लागत नाही. अचानक वीज गेल्यावर काम जतन करून संगणक नीट बंद करता यावा म्हणून यूपीएस असावा. त्यावरचा व्हीए हा आकडाही फसवा आहे. 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॉटच देतो. पडदा धरून तो अगदी काठावर येतो. खेळाच्या संगणकाला 1000 किंवा 1100 व्हीएचा घ्यावा.

आणि अर्थिंग! जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. मग कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि मुले त्याची गंमत करतात. एसएमपीएसच्या आतील गाळणीतून थोडी वीज नेहमीच पत्र्यावर उतरते. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट शोधते. ती थोडी असते तोवर झिणझिण्या. आत काही बिघडून जिवंत तार पत्र्याला टेकली तर जिवाशी गाठ. म्हणून संगणकाचा पहिला भाग विकत आणण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घातलेले जुने अर्थिंग असेल तर उन्हाळ्यात त्यावर पाणी ओतावे. हा खर्च फार नाही, आणि फ्रिजपासून मिक्सरपर्यंत साऱ्या घराला त्याचा उपयोग होतो.

विजेच्या बिलाचाही विचार हवा. 300 वॉटने रोज तीन तास खेळ चालला तर महिन्याला सुमारे 27 युनिट होतात. कर्नाटकात 2023 साली सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत घराच्या मागील सरासरी वापरावरून ठरलेली, आणि 200 युनिटांच्या आतलीच, वीज मोफत मिळते. आधीच काठावर असलेल्या घराने हे 27 युनिट मुलाला पाटीवर मांडून दाखवावेत.

खरेदी कोठे करावी? बेळगाव आणि कोल्हापूर दोन्ही आपल्याला जवळची. सीमेपलीकडे कर कमी पडेल म्हणून जाण्याची जुनी सवय काहींना आहे. परंतु 1 जुलै 2017 पासून जीएसटी दोन्हीकडे एकच आहे, संगणकाच्या भागांवर 18 टक्के. तेव्हा जेथे भाव उतरेल आणि बिघाड झाल्यास परत जाता येईल तेथे घ्यावे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा बंगळुरूचा एस. पी. रोड स्वस्त पडतो असे मुले सांगतात. प्रवासखर्च धरून हिशेब करावा. 'बिलाशिवाय घ्या, कर वाचेल' असे दुकानदार म्हणाला तर दुसरे दुकान गाठावे. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा. कार्डाची वॉरंटी बहुधा तीन वर्षांची असते आणि त्या कागदाशिवाय ती नसल्यासारखीच.

जोडणी एका स्वच्छ टेबलावर, दिवसाउजेडी करावी, आणि वडिलांनी शेजारी बसावे. एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. कोणताही भाग जोर लावून बसवू नये. बसत नसेल तर दिशा चुकलेली असते. सारे जोडल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नये. आधी रॅम काढून पुन्हा टक्क आवाज येईपर्यंत दाबावी. नंतर पडद्याची तार पाहावी: कार्ड लावले असता ती कार्डाच्या तोंडात खोचावयाची असते, मदरबोर्डाच्या नव्हे. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. आपल्याकडे उसाचे पाचट पेटले की काजळी घरात येते, निपाणीच्या बाजूस तंबाखूची धूळ असते. ती पंख्यांवर बसून आतील उष्णता कोंडते. पुढे जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे, आणि ऊसतोड संपल्यावर एकदा व पावसाळ्याआधी एकदा, वायर काढून, ब्लोअरने झाडून घ्यावे. झाडताना पंखा बोटाने धरून ठेवावा.