बिल्ला कोणाच्या छातीवर?

पानिपत म्हटले की मराठी माणसाला १७६१ आठवते. आजच्या पानिपतात यंत्रमाग आहेत, तसाच १९९८ साली सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखानाही आहे. अशा उद्योगांत नळांच्या वेल्डिंगमधील दोष शोधण्यासाठी इरिडियम-१९२ सारख्या किरणोत्सारी द्रव्यांचा वापर होतो. हे किरण दिसत नाहीत, जाणवत नाहीत. कामगाराच्या शरीराने किती मात्रा घेतली हे सांगतो तो त्याच्या छातीवरील बिल्ला.

वृषणाचा कर्करोग प्रामुख्याने पंधरा ते चाळीस या ऐन उमेदीच्या वयात गाठतो. कामावरील किरणोत्सर्गाशी त्याचा संबंध विज्ञानाने अद्याप निर्विवादपणे सिद्ध केलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु वृषणातील बीजपेशी किरणांना अत्यंत संवेदनशील असतात, हे सिद्ध आहे. 'सिद्ध नाही' म्हणजे 'धोका नाही' असा सोयीचा अर्थ मालकवर्गाला लावू देता कामा नये.

१९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात किरणोत्सर्गजन्य रोगांचा समावेश होता. पण ज्याला बिल्लाच मिळाला नाही, त्या कंत्राटी मदतनिसाने पुरावा आणावा कोठून? २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० ने एका कामगाराचा बळी घेतला. भंगार फोडणाऱ्यांच्या छातीवर बिल्ला कोठला असणार!

म्हणून मागणी स्पष्ट हवी: किरणांच्या कामावरील प्रत्येकाला, कायम असो वा कंत्राटी, बिल्ला मिळाला पाहिजे आणि मात्रेची नोंद त्याच्या हाती पडली पाहिजे. कंत्राटदार बदलतो; शरीर तेच राहते.