मोकळी बाजू

वसईच्या वाड्यांतून ज्यांनी क्रिकेट खेळले, त्यांना क्षेत्ररचनेचा धडा वेगळा द्यावा लागत नाही. ऑफला विहीर, लेगला शेजाऱ्यांची केळीची बाग. विहिरीत चेंडू गेला की फलंदाज बाद, आणि चेंडू काढायचाही त्यानेच. हा नियम आम्ही वर्षानुवर्षे पाळला. पुढे मोठ्या मैदानावर गेल्यावरही आमच्यातल्या काहींची बॅट ऑफला वळेचना. विहीर मागे राहिली होती. तिचा धाक मात्र सोबत आला होता.

क्षेत्ररक्षक धावा अडवतो, हे उघड आहे. परंतु तो फलंदाजाच्या मनात कोठे उभा राहतो, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. क्षेत्ररचना ही एका अर्थी समीक्षाच होय. कर्णधार फलंदाजाचे वाचन करतो, त्याची लकब हेरतो आणि नेमकी तेथे माणसे उभी करतो.

या वाचनाचे सर्वांत ठळक उदाहरण बेसबॉलमध्ये सापडते. बोस्टनचा डावखुरा टेड विल्यम्स बहुतेक चेंडू मैदानाच्या उजव्या बाजूस मारी. १४ जुलै १९४६ रोजी एका सामन्यात त्याने तीन होमरन मारले. त्याच दिवशीच्या दुसऱ्या सामन्यात क्लीव्हलंडच्या लू बूद्रोने जवळजवळ सगळे क्षेत्ररक्षक उजवीकडे नेले. डावी बाजू ओस पडली. विल्यम्स बहुधा हट्टाने उजवीकडेच मारत राहिला. त्या वर्षीच्या जागतिक मालिकेत सेंट लुईसनेही अशीच रचना केली आणि त्याला २५ प्रयत्नांत पाचच फटके साधले. कोपराच्या दुखापतीचाही त्यात वाटा होता. मात्र त्याआधी, सप्टेंबरात, बूद्रोच्याच संघाविरुद्ध त्याने एक चेंडू मोकळ्या डाव्या बाजूस मारला, धावत चारही बेस पुरे केले, आणि त्या एका धावेवर बोस्टनने सामना व लीगचे अजिंक्यपद जिंकले.

पुढे आकडेवारीच्या युगात ही रचना सर्रास झाली. वेगवान चेंडू ठरवून उलट दिशेला मारणे अवघड. म्हणून अनेकांनी क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून मारण्याचा मार्ग धरला. अखेर २०२३ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीगने नियम केला : दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंस इनफिल्डचे दोन-दोन खेळाडू हवेतच. त्या वर्षी फलंदाजीची सरासरी .२४३ वरून .२४८ वर गेली. एवढ्यासाठी प्रतिपक्षाचा वाचनाचा अधिकार आखडून घ्यावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. बॉडीलाइनचे प्रकरण निराळे होते. १९३२-३३ मध्ये लेगला क्षेत्ररक्षकांची दाटी करून अंगावर चेंडू टाकले गेले. तेथे शरीराला धोका होता. पुढे क्रिकेटने लेगला, स्क्वेअरच्या मागे, दोनांहून अधिक क्षेत्ररक्षक ठेवण्यास मनाई केली, ती योग्यच. परंतु आपली सवय ओळखली गेली, ही काही दुखापत नव्हे.

या संदर्भात सचिन तेंडुलकरचे दोन डाव आठवतात. डिसेंबर २००१, बंगळुरू. नासिर हुसेनने लेगला क्षेत्ररक्षक लावले आणि अ‍ॅशले जाइल्स डावऱ्या फिरकीने लेग स्टंपच्या बाहेर मारा करीत राहिला. धावांची वाट बंद झाली. ९० धावांवर सचिन पुढे सरसावला आणि यष्टिचीत झाला. कसोटी कारकिर्दीत एकदाच तो असा बाद झाला. जानेवारी २००४, सिडनी. त्या मालिकेत ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूंनी त्याला सतावले होते. त्याने आपला लाडका कव्हर ड्राइव्हच बाजूला ठेवला. ४३६ चेंडूंत नाबाद २४१, आणि बहुतेक धावा लेगला! पहिल्या प्रसंगी त्याचा धीर सुटला. दुसऱ्या प्रसंगी त्याने स्वतःचे वाचन प्रतिस्पर्ध्याच्या आधी केले. सिडनीचा तो डाव देखणा नव्हता, हे आम्ही मान्य करतो. हातखंडा फटका टाकण्याची किंमत असते, आणि ती प्रेक्षकालाही मोजावी लागते.

आमच्या विरारच्या पृथ्वी शॉने २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा केल्या, २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात १३४. डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेडला मात्र दोन्ही डावांत तो बॅट आणि पॅड यांच्या फटीतून त्रिफळाचीत झाला. तेथे क्षेत्ररक्षक हलवण्याचीही गरज पडली नाही. वाचन पुरे झाले होते. काही आठवड्यांतच विजय हजारे स्पर्धेत त्याने ८२७ धावा केल्या. देणगी तीच होती. वाचणारे बदलले होते.

मुलांना शिकवणाऱ्यांपुढे, मग ते मैदानावरचे असोत वा वर्गातले, खरा पेच येथेच आहे. लकब काढून टाकली तर मूल कोणासारखेही खेळेल. तशीच ठेवली तर एक दिवस कोणीतरी नेमक्या जागी माणूस उभा करील. आमचे मत असे, की लकब राहू द्यावी, पण तिच्यावाचून एक डाव खेळून पाहण्याची सवय लावावी. तो एक डाव नियमपुस्तक आपल्यासाठी खेळून देणार नाही.